साठीच्या आतला माणूस पाहिजे

आमची विमान कंपनी एका मंगळवारी बंद पडली. तशी ती वर्षभर अंथरुणावरच होती. आज हे विमान सुट्या भागावाचून उभं, उद्या ते. पण मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मेल आला, की उद्यापासून कोणी कामावर येण्याची गरज नाही. मी त्या वेळी लालबागच्या बाजारात, बोंबील घ्यावेत की मांदेली या विचारात कोळणीसमोर उभा होतो. मेल वाचला, बोंबील घेतले आणि घरी आलो.

आईने पिशवीत डोकावून पाहिलं. "बोंबील? आज मंगळवार मरे!"

"आये, माझी नोकरी गेली."

"ती गेली ता समाजला. पण मंगळवारी बोंबील?"

तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो. बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे विमानतळावर सामान चढवणाऱ्यांत लागलो, तिथून मेकॅनिकांच्या हाताखाली, तिथून धडपडत फ्लाइंग क्लबात, आणि तिशी उलटल्यावर हातात लायसन आलं. त्या दिवशी आईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "माझो झील इमान चालयता." खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं होतं, "कोणता रूट?"

माझं विमान लहान होतं, पंख्याचं. मोठ्या शहरांतून लहान गावांना जायचं, जिथे धावपट्टी आखूड आणि शेवटाला डोंगर किंवा दरी. सतरा वर्षं मी त्यात कॅप्टन होतो. दर वर्षी डॉक्टर मला उलटासुलटा तपासत आणि पास करत. कायद्याने पायलटला पासष्टपर्यंत उडवता येतं. त्यामुळे संध्याकाळी बायको शाळेतून आली तेव्हा मी तसा शांत होतो. बायको दादरला गणित शिकवते. तिने चपला काढता काढताच हिशोब केला.

"तुम्ही छप्पन्न. हद्द पासष्ट. उरली नऊ. नऊ पूर्ण वर्ग आहे. काळजी कशाला करता?"

पहिले काही दिवस मी काळजी केलीच नाही. फक्त सवयी जाईनात. पहाटे साडेचारला जाग यायची आणि मी बाल्कनीत जाऊन ढगांची उंची बघायचो. बायको कपडे वाळत घालायला आली की सांगायचो, "वायव्येचा वारा आहे, चांगला जोरात. साड्या डावीकडे घाल." तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात चिमट्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "कॅप्टन, आता तुम्हीच घाला."

मग मी नोकऱ्यांच्या जाहिराती बघायला लागलो. पायलट पाहिजेत, पायलट पाहिजेत, सगळीकडे पायलट पाहिजेत. पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: वयोमर्यादा पंचेचाळीस. काही ठिकाणी चाळीस. एका ठिकाणी पस्तीस. पस्तीसला तर मी नुकता टाय नीट बांधायला शिकलो होतो.

एका मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत अट दिसली नाही, म्हणून मी आनंदाने ऑनलाइन फॉर्म उघडला. नाव, पत्ता, लायसन, उड्डाणाचे तास, सगळं भरलं. जन्मतारीख आली. दिवस निवडला, महिना निवडला, आणि वर्षाच्या यादीवर बोट ठेवून खाली खाली जात राहिलो. यादी माझ्या जन्माच्या अकरा वर्षं अलीकडेच संपली. मला वाटलं, मोबाइल अडकला. पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. वर्षं संपली होती. मी हेल्पलाइनला फोन लावला. एका मुलीने गोड आवाजात उचलला.

"सर, जन्मवर्ष सिलेक्ट करा."

"माझं वर्ष यादीत नाही."

"सर, सगळी वर्षं आहेत."

"माझं नाही."

कीबोर्डचा टकटक आवाज आला. "सर, तुम्ही मुलाचा फॉर्म भरताय का?"

"नाही हो, माझाच."

तिने पुन्हा टकटक केली. मग फार हळुवारपणे म्हणाली, "सर, आमच्या सिस्टिमप्रमाणे तुमचा अजून जन्म झालेला नाहीये."

मी तिचे आभार मानून फोन ठेवला. रागवायचं तरी कोणावर? ती स्वतः जेमतेम बावीस वर्षांची असणार आणि सिस्टिमप्रमाणे ती व्यवस्थित जन्मलेली होती.

हे मी माझ्या मित्राला सांगितलं. आम्ही एकाच चाळीत वाढलो, एकाच बेंचवर नापास झालो. त्याचं परळला हॉस्पिटलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. माझी गोष्ट ऐकून त्याने मशीन बंद केलं.

"अरे मग शेवटचं वर्ष टाक ना! तिकडे कोण तुझी पत्रिका बघतंय?"

"लायसनवर तारीख आहे. मेडिकलवर आहे. पासपोर्टवर आहे."

"आण सगळं. स्कॅन करून देतो. एका आकड्याचा प्रश्न आहे, साला."

"त्या एका आकड्यासाठी आत टाकतील मला."

"तुरुंगात पण कुठल्या वयाचे घेतात, बघितलंस का?" असं म्हणून तो स्वतःच इतका हसला की रांगेत रिपोर्ट घेऊन उभी असलेली पेशंट मंडळीही हसायला लागली. का हसायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण हसण्याची गरज असावी.

संध्याकाळी बायकोच्या कानावर हे गेलं. तिने त्याला फोन करून सांगितलं, की माझ्या नवऱ्याच्या कागदांपासून दूर राहा. तो म्हणाला, "वहिनी, निदान बायोडेटा तरी करू द्या." तेवढी परवानगी मिळाली. दोन दिवसांनी त्याने बायोडेटा आणला. निळ्या-केशरी रंगाचा, दहावी कधी झालो ते गाळलेला, आणि वर माझा फोटो. फोटोतल्या सुरकुत्या त्याने कॉम्प्युटरवर पुसल्या होत्या. सुरकुत्यांबरोबर निम्म्या भुवया आणि मिशीचा उजवा कोपराही गेला होता.

बायकोने चष्मा लावून बघितलं. "हे काय, उकडलेलं अंडं?"

आईने बघितलं. "ह्यो कोण? बरो आसा दिसाक."

शेवटी जुनाच साधा फोटो लावून मी बायोडेटा चार ठिकाणी पाठवला. तीन ठिकाणांहून काही आलं नाही. चौथ्या ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. नवी कंपनी, नवी विमानं, लोअर परळला काचेच्या इमारतीत ऑफिस.

घरात एकदम परीक्षेचं वातावरण झालं. बायको जेवणाच्या टेबलापलीकडे बसून माझी मुलाखत घ्यायची.

"तुमचा एखादा कमकुवतपणा सांगा."

"वार लक्षात राहत नाही. मंगळवारी बोंबील आणतो."

"गंभीर व्हा. पुढच्या दहा वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"सहासष्टाव्या वर्षी? बाल्कनीत. चिमटे घेऊन."

तिने वहीत शून्य मार्क मांडले. मुलाखतीला जायच्या दिवशी आईने देवापुढचा अंगारा माझ्या कपाळाला लावला. मी तो गाडीत पुसला, मग वाईट वाटून पुन्हा थोडा लावला.

ती इमारत जिथे उभी आहे, तिथेच बाबांची गिरणी होती. मला हे आधीच माहीत होतं, तरी गेटपाशी पाय थांबले. लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी त्याच गेटवर यायचो. गिरणी बंद झाल्यावर बाबा महिनोन्महिने दुसरीकडे काम मागत फिरले. सगळीकडे एकच उत्तर: सत्तेचाळीस? आम्हाला तरुण पोरं हवीत. बाबा घरी येऊन सांगायचे, "आज पण म्हातारा झालो." आम्ही हसायचो, कारण ते हसून सांगायचे. त्या दिवशी टाय सरळ करताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की ते माझ्या आत्ताच्या वयापेक्षा तेव्हा नऊ वर्षांनी लहान होते. मग वॉचमनने "काका, कोणाकडे?" असं विचारलं आणि मी आत गेलो.

आत आम्ही चार उमेदवार होतो. बाकीचे तिघे तिशीतले. त्यांतल्या एकाने मला बघून पटकन उभं राहून विचारलं, "सर, इंटरव्ह्यू तुम्ही घेणार का?" मी "नाही" म्हटल्यावर तो बसला, पण अवघडून, खुर्चीच्या कडेवर.

मग एचआरची मुलगी आली. केस लाल, उत्साह अफाट. "गाइज, आधी एक फन ॲक्टिव्हिटी!" असं म्हणून तिने आम्हाला एकेक कागद दिला. कागदी विमान बनवायचं आणि उडवायचं. कोणाचं लांब जातं बघू. आम्हा चौघांचे मिळून किती हजार तास हवेत गेले असतील देव जाणे, आणि आम्ही जमिनीवर मांडी घालून घड्या घालत होतो. मांडी घालताना माझा गुडघा वाजला. खोलीत शांतता असल्यामुळे तो सगळ्यांना ऐकू आला.

बाकीच्यांनी फटाफट विमानं सोडली. एक भिंतीवर आपटलं, एक एसीच्या झोतात गरगरलं, एक सरळ जाऊन पडलं. मी आधी एसी कुठून वाहतोय ते पाहिलं, मग पंख थोडे वाकवले, मग विमान सोडलं. ते सुंदर गेलं. खोली ओलांडली, उघड्या दारातून बाहेर पडलं आणि रिसेप्शनवरच्या मॅडमच्या कॉफीत उतरलं.

"ऑफ एअरपोर्ट लँडिंग!" एक उमेदवार ओरडला. सगळे हसले, मीही हसलो. एचआरच्या मुलीने मात्र वहीत काहीतरी लिहिलं.

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होती: ती मुलगी, एक दाढीवाला सल्लागार, आणि माझा जुना को-पायलट. सात वर्षांपूर्वी तो माझ्या शेजारी बसायचा. उतरताना गुणगुणायची त्याला सवय होती आणि मी त्याला तीनदा दम दिला होता. आता तो एकतीस वर्षांचा असेल, खांद्यावर चार पट्ट्या. मला बघून तो इतका लाजला की त्याने पेन्सिल उचलून तिला टोक करायला घेतलं. पेन्सिलीला आधीच टोक होतं.

"सर," दाढीवाला म्हणाला, "तुम्ही स्वतःला कोणत्या प्राण्यासारखे समजता?"

बायकोने हा प्रश्न घेतला नव्हता. मी म्हटलं, "कावळा."

"इंटरेस्टिंग. का?"

"लांबचं बघतो, काही वाया घालवत नाही आणि कुठेही उतरतो."

"पण थोडा निगेटिव्ह पक्षी नाही का?"

"पितृपक्षात या आमच्याकडे. मग सांगा."

एचआरच्या मुलीने घसा साफ केला. "सर, तुमचा अनुभव अमेझिंग आहे. आमचा कन्सर्न एकच. आम्ही नवीन विमानावर तुमचं ट्रेनिंग करणार. पण तुमचा करिअर रनवे थोडा शॉर्ट आहे."

"शॉर्ट रनवे?" मी विचारलं.

"म्हणजे, वर्षं कमी उरलीत."

"मॅडम, मी आयुष्यभर शॉर्ट रनवेवरच उतरलोय. तेच मला येतं."

माझा जुना को-पायलट एकदम हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. मुलीला विनोद कळला नाही, किंवा कळला पण तिच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. शेवटी तिने त्याला विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला काही टेक्निकल विचारायचंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "मी काय विचारू?" तो म्हणाला. "मला जे येतं ते सरांनीच शिकवलंय. मी विचारलं तर चूक माझीच निघेल."

बाहेर लिफ्टपाशी तो मागून आला आणि वाकून पाया पडायला लागला. मी त्याला वरच्यावर धरलं. म्हटलं, "अरे, असं करू नकोस, म्हातारा दिसतो मी." तो म्हणाला, "सर, मी माझ्याकडून सांगतो त्यांना. पण लिस्ट वरून येते." त्याचा आवाज खरा होता. मला त्याचं वाईट वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला.

आठवड्याने मेल आला. तुमचा अनुभव आमच्या सध्याच्या गरजेपेक्षा अधिक असल्यामुळे आम्ही तुमचा विचार करू शकत नाही. मी तो बायकोला वाचून दाखवला.

"विमान चालवायचा अनुभव गरजेपेक्षा अधिक?" ती म्हणाली. "एकदा प्रवाशांना विचारा म्हणावं."

त्या दिवशी मी कपाटातला युनिफॉर्म काढून इस्त्रीला दिला. का दिला ते सांगता येणार नाही. इस्त्रीवाल्याने विचारलं, "साहेब, ड्यूटी चालू?" मी "हो" म्हणून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तो आणायला मीच जाईना. बायकोने आणला आणि हँगरला लावला.

नेमकं त्याच आठवड्यात आईला नोकरी लागली.

आई एक्याऐंशी वर्षांची. ती आमच्याकडच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटून घ्यायला गेली होती, मी पिशव्या धरायला बरोबर. गिरणीसमोर एक मुलगी आपला मसाला करून घेत होती. इंजिनियर झालेली, आणि नोकरी सोडून घरगुती मालवणी मसाला पाकिटात विकायचा धंदा काढलेली. आईने नुसता वास घेतला आणि गिरणीवाल्याला सोडून त्या मुलीकडे मोर्चा वळवला.

"गो चेडवा, मिरची करपली मरे तुझी! आणि धणे कच्चे. कोणी शिकयल्यान तुका?"

"व्हिडिओ बघून केला, आजी."

"शिरा पडली त्या व्हिडिओर!"

मी माफी मागायला पुढे झालो, पण त्या मुलीने वही काढली होती. अर्धा तास आई बोलत होती आणि ती लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "आजी, आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे याल का? चव बघायला, आम्हाला शिकवायला?"

"येतंय. पण सिरियल बुडाक नये."

तिचं ऑफिस परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मुलीने विचारलं, "आजी, वय?"

"कित्याक? स्थळ आणलंस काय?"

मुलगी हसली आणि रकाना मोकळा सोडून पुढे गेली. मी शेजारी उभा राहून त्या मोकळ्या रकान्याकडे बघत राहिलो. किती सहज सोडला होता तो!

आईला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं: चीफ टेस्टर. आई बिल्डिंगमध्ये सांगायची, "मी चीप टेस्टर आसंय." ते कार्ड घालून ती भाजीला जायची, देवळात जायची, एकदा तर डॉक्टरकडे गेली आणि आत शिरताच दाखवलं. तिला आणायला-पोचवायला मी होतोच. स्कूटर बंद करून मी खाली उभा राहायचो आणि ती वर सगळ्यांना सांगायची, "माझो ड्रायव्हर पायलट आसा."

एकदा तिने निघताना पदराने हात पुसत विचारलं, "तुका नाय घेत मरे ते?"

"वय झालं म्हणतात."

"वय झाला म्हणान काम येता मरे माणसाक." एवढं बोलून ती स्कूटरवर बसली. लगेच ओरडली, "खड्डो बघ!"

असे चार महिने गेले. मग एका रविवारी दुपारी जेवणं होत असताना फोन आला. आवाज घोगरा आणि घाईचा.

"कॅप्टन बोलताय? मी एका मालवाहू कंपनीचा चीफ पायलट. तुमच्याच जातीचं विमान आहे आमच्याकडे, फक्त खुर्च्या काढलेल्या. तुमचं वय काय?"

माझा घास तिथेच थांबला. "छप्पन्न," मी म्हटलं आणि "ठीक आहे, कळवतो" या शब्दांची वाट बघत राहिलो.

"छप्पन्न? वा! पोरगा आहेस की!"

मला वाटलं थट्टा चाललीय. पण ते मनापासून बोलत होते. झालं होतं असं. साठी उलटलेल्या कॅप्टनला एकट्याने किंवा दुसऱ्या साठीवाल्याबरोबर उडता येत नाही. शेजारच्या खुर्चीत साठीच्या आतला माणूस लागतो, असा नियम. त्यांच्याकडे होते चार कॅप्टन, चौघेही साठीच्या पुढचे. तरुण पायलट यायचे, सहा महिने राहायचे आणि मोठ्या कंपनीत पळायचे. त्यामुळे विमान तयार, माल तयार, वैमानिक तयार, पण दोघे मिळून एकशे पंचवीस वर्षांचे, म्हणून विमान जमिनीवर.

"मला साठीच्या आतला माणूस पाहिजे," ते म्हणाले. "उद्या घरी ये. ऑफिस लांब आहे. फणसवाडीत राहतो मी, तिसरा मजला."

लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. दार त्यांनी स्वतःच उघडलं. उंच, बारीक, पांढरी झुबकेदार मिशी, वय त्रेसष्ट.

"दमलास?"

"थोडा."

"मीसुद्धा दमतो. ये."

ही माझ्या आयुष्यातली सर्वांत लहान मुलाखत. त्यांनी माझं लॉगबुक घेतलं आणि पानं उलटायला लागले. डोंगरातल्या धावपट्ट्यांपाशी थांबून थांबून ते वाचत होते, माणूस जुनी पत्रं वाचतो तसं. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथे डावीकडून वारा मारतो, नाही?" मी म्हटलं, "उतरताना शेवटच्या क्षणी." त्यांनी वही मिटली.

"साठीला किती वर्षं?"

"चार."

"मला पासष्टपर्यंत दोनच हवीत. पुढची तुझी तू बघ."

त्यांच्या बायकोने कोथिंबीर वडी आणली. मला निरखून नवऱ्याला म्हणाली, "चला, या वेळी तरी जवान मुलगा मिळाला तुम्हाला." मी एकदम सरळ बसलो आणि पोट आत घेतलं. छप्पन्न वर्षांत मला असं कौतुक मिळालं नव्हतं. चोवीस वर्षांचा होतो तेव्हाही नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने आधी विचारलं, "काय भरतात त्यात?" मी म्हटलं, औषधं, फुलं, मासळी, जे मिळेल ते. आई म्हणाली, "म्हणजे माणसां नाय? बरा झाला. कोण कटकट करूचो नाय." मित्राने दुकानावर फलक लावला: आमचे मित्र पुन्हा हवेत. तीन दिवसांनी हॉस्पिटलच्या लोकांनी तो काढायला लावला. पेशंटच्या नातेवाइकांचा भलताच गैरसमज होत होता.

मेडिकल झालं, सिम्युलेटरवर परीक्षा झाली, आणि एका सकाळी मी पुन्हा डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसलो. शेजारी परीक्षक म्हणून तेच त्रेसष्टचे कॅप्टन. मुंबई ते नागपूर. मागे माल काय, तर कोंबडीची एक दिवसाची पिल्लं. खोक्यांना भोकं, आणि भोकांतून अखंड चिवचिव. इंजिनं सुरू होण्याआधी तर असं वाटत होतं, की वर्ग भरलाय आणि बाई अजून आल्या नाहीत.

निघण्यापूर्वी सगळं तपासत असताना त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं आणि पेडलजवळ गेलं. पेन तिथे सोडून विमान हलवता येत नाही.

"तरुण माणसा," ते म्हणाले, "जरा उचल. माझी पाठ धरलीय."

मी पट्टा सोडून वाकलो. बोटं पेनला लागली आणि माझ्याही कमरेत चमक आली. मी तसाच राहिलो, डोकं खाली, एक हात पेडलवर.

"मिळालं?"

"मिळालं. पण वर येता येत नाही."

ते मला खांद्याला धरून ओढायला लागले, तेव्हा त्यांचीही पाठ पुन्हा बोलली. आम्ही दोघंही "आई गं" म्हणालो. मागे पिल्लं चिवचिवत होती. शेवटी खाली उभ्या असलेल्या इंजिनियर बाई वर आल्या. त्यांनी आधी पेन काढून घेतलं, मग मला सरळ केलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी साठीच्या आतला कोण?"

"मी," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे संशयाने बघत खाली उतरल्या. आम्ही दोघं पाच मिनिटं ताठ बसून राहिलो. कंबर सैल झाल्याची दोघांनीही खात्री करून घेतली, आणि मगच इंजिन सुरू केलं.

उड्डाण मात्र छान झालं. वर गेल्यावर सवयीने माझा हात प्रवाशांशी बोलायच्या मायक्रोफोनकडे गेला. त्यांनी तो पाहिला. म्हणाले, "बोल की. ऐकतील बिचारी." मी दोन्ही भाषांत सांगितलं, की हवामान स्वच्छ आहे आणि आपण वेळेवर पोचू. स्पीकर काढून टाकलेला होता, पण मला बरं वाटलं. सह्याद्री मागे पडला, खाली तपकिरी शेतं आली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मला ढगांची उंची अंदाजाने नव्हे, तर डोळ्यांसमोर दिसत होती. दोनदा त्यांनी डुलकी काढल्याचं नाटक केलं. मी जागा आहे का ते बघायला.

नागपूरला चाकं टेकली तेव्हा पिल्लं क्षणभर गप्प झाली. मग पुन्हा सुरू झाली.

परीक्षेच्या कागदावर त्यांनी खाली शेरा लिहिला. इंग्रजीत होता, पण अर्थ असा: हात चांगला. शिस्त चांगली. वय लहान असल्यामुळे सुधारणेला वाव आहे.

मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. ती मधल्या सुट्टीत असावी, कारण लगेच उत्तर आलं. "सुधारणेला वाव आहे हे मी अठ्ठावीस वर्षं सांगतेय. येताना संत्रा बर्फी आणा."